'आर्मर्ड कोअर ६'विषयी खेळाडूंची मते इतकी परस्परविरोधी का आहेत आणि त्यांतून काय घ्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आर्मर्ड कोअर ६: फायर्स ऑफ रुबिकॉन' हा महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा गेम घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी तुम्ही बऱ्याच खेळाडूंची मते वाचली. कोणी त्याला अतिशय कठीण म्हणतो, कोणी फारच सोपा. कोणी म्हणतो की यंत्र हवे तसे घडवण्याचे इतके स्वातंत्र्य दुसरीकडे कुठे नाही, तर कोणी म्हणतो की हे स्वातंत्र्य नावापुरते असून शेवटी चार-पाच शस्त्रांवरच सगळे येऊन थांबते. यांपैकी खरे कोणाचे मानावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी ही मालिका पहिल्या प्लेस्टेशनच्या काळापासून खेळत आलो आहे आणि नव्या खेळाडूंना यंत्राची जुळणी करून देण्यात माझा बराच वेळ जातो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की यांतील बहुतेक मते प्रामाणिक आहेत आणि बहुतेक खरीही आहेत. मात्र प्रत्येक मत एका विशिष्ट यंत्रात बसून दिलेले असते आणि ते यंत्र कोणते होते हे सांगायचे राहून जाते. या गेममध्ये यंत्र बदलले की वेग, शत्रूपासून राखायचे अंतर, चुकीला मिळणारी माफी आणि बोटांवर पडणारा ताण हे सगळेच बदलते. म्हणून दोन खेळाडू एकाच बॉसविषयी, म्हणजे मोहिमेतल्या बलाढ्य मुख्य शत्रूविषयी, बोलत असले तरी त्यांनी दोन वेगळ्या लढाया लढलेल्या असतात.

मत देणारा कुठून आला आहे हेही पाहावे लागते. फ्रॉमसॉफ्टवेअरने ही मालिका १९९७ मध्ये सुरू केली. 'व्हर्डिक्ट डे' हा सहाव्या भागाच्या आधीचा भाग २०१३ मध्ये आला आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षे काहीच आले नाही. सहावा भाग २५ ऑगस्ट २०२३ रोजी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर एकाच वेळी प्रसिद्ध झाला. मधल्या काळात याच कंपनीने 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग' यांसारख्या गेममधून फार मोठा नवा चाहतावर्ग मिळवला होता. त्यामुळे सहाव्या भागाभोवती तीन प्रकारचे लोक जमले: दहा वर्षे वाट पाहिलेले जुने खेळाडू, 'एल्डन रिंग'वरून कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून आलेले खेळाडू, आणि यांपैकी काहीच न खेळलेले पण यंत्रमानवांची मनापासून आवड असलेले खेळाडू. पहिल्या गटाची तुलना जुन्या भागांशी असते, दुसऱ्याची तलवारबाजीच्या खेळांशी, आणि तिसऱ्याची आपल्या मनातल्या यंत्रमानवाशी. या तिघांचे शब्द तेच असले तरी त्यांच्या अपेक्षा एक नसतात.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे जुळणीकडे वळतो. यंत्रात एकूण बारा जागा असतात. दोन हात आणि दोन खांदे मिळून शस्त्रांच्या चार. डोके, धड, हात आणि पाय अशा शरीराच्या चार. यंत्राला जोर देऊन ढकलणारा बूस्टर, नेम साधणारी प्रणाली म्हणजे एफसीएस आणि जनरेटर अशा आतल्या तीन. आणि आणीबाणीच्या वेळी वापरायच्या विशेष क्षमतेची एक. ही यादी वाचून बाहुलीला कपडे चढवण्यासारखे काहीतरी असेल असा समज होतो आणि गेमचे नुसते व्हिडिओ पाहणारे अनेक जण तसेच लिहितात. प्रत्यक्षात या बारा जागा एकमेकींना बांधलेल्या असतात. पाय किती वजन पेलू शकतात यावर शस्त्रे ठरतात. जनरेटर किती ऊर्जा पुरवतो यावर पाय, बूस्टर आणि ऊर्जाशस्त्रे ठरतात. आणि एकूण वजन किती झाले यावर झटकन बाजूला उसळी घेण्याची क्षमता, म्हणजे क्विक बूस्ट, किती लवकर पुन्हा वापरता येईल हे ठरते. प्रत्येक बूस्टरला एक आदर्श वजनमर्यादा असते. ती ओलांडली की दोन उसळ्यांमधला वेळ वाढतो. "यंत्र जड वाटते, हुकूम दिल्यावर उशिरा हलते" अशी तक्रार करणाऱ्या नव्या खेळाडूची जुळणी मी पाहतो, तेव्हा फार वेळा ही एकच मर्यादा ओलांडलेली सापडते. एक खांद्यावरचे शस्त्र हलके केले की तोच खेळाडू गेम एकदम चपळ झाल्याचे सांगतो.

एफसीएसच्या बाबतीत तर मतांचा गोंधळ आणखी वाढतो, कारण हा भाग डोळ्यांना दिसत नाही. ही प्रणाली जवळच्या, मधल्या आणि लांबच्या अंतरावर नेमाला वेगवेगळ्या प्रमाणात साहाय्य करते. सुमारे १३० मीटरच्या आत जवळचे अंतर, तिथून २६० मीटरपर्यंत मधले आणि त्यापुढे लांबचे, अशी साधारण विभागणी आहे. शिवाय धातूच्या गोळ्या झाडणाऱ्या शस्त्रांना परिणामकारक अंतर असते. त्यापलीकडून झाडलेल्या गोळ्या शत्रूच्या चिलखतावर आपटून घसरतात आणि नुकसान फारच कमी होते. एखादा खेळाडू लांब उभा राहून रायफल चालवत असेल, त्याची एफसीएस जवळच्या लढाईसाठी बनलेली असेल आणि तो "रायफली निरुपयोगी आहेत" असे लिहीत असेल, तर त्याचा अनुभव खोटा नसतो. त्याने काढलेला निष्कर्ष मात्र रायफलीला लागू पडत नाही, त्याच्या जुळणीला लागू पडतो. गेममधील आकड्यांचा पडदा ही माहिती देतो, परंतु ती समजावून सांगण्यात तो कमी पडतो. ही टीका अनेकांनी केली आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. इतकी सखोल रचना उभी केल्यावर "या वजनाने तुमची उसळी मंदावली आहे" एवढे एक वाक्य ठळकपणे दाखवायला हरकत नव्हती.

पायांची निवड हा तर जवळजवळ वेगळा गेम निवडण्याचा प्रकार आहे. दोन पायांचे यंत्र सर्वसाधारण असते. गुडघे मागे वळलेले पाय उंच उडी मारतात. चार पायांचे यंत्र हवेत तरंगत राहू शकते आणि वरून मारा करू शकते. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे यंत्र प्रचंड वजन पेलते, जमिनीवरून घसरत वळते आणि त्याला वेगळ्या बूस्टरची जागाच नसते. दोन पायांवर जी शस्त्रे झाडताना यंत्राला थांबून पवित्रा घ्यावा लागतो, त्यांतील बरीच शस्त्रे रणगाडा किंवा चार पायांचे यंत्र चालता चालता झाडते. दोन पायांवर खेळलेला माणूस खांद्यावरच्या मोठ्या तोफेला धोकादायक म्हणतो आणि रणगाड्यावर खेळलेला तिलाच सर्वात भरवशाची म्हणतो, याचे कारण हे आहे.

यानंतर सर्वात जास्त वाद ज्यावर झाला तो विषय येतो: स्टॅगर. प्रत्येक यंत्राला आपला तोल सावरणारी एक प्रणाली असते. तिच्यावर प्रत्येक माऱ्याचा आघात साचत जातो. काही क्षण मारा थांबला की तो भार हळूहळू उतरू लागतो, पण सलग मारा चालू राहिला आणि तो भार दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरली की यंत्राचा तोल जातो. मग थोडा वेळ ते असहाय असते आणि त्या वेळात बसलेला प्रत्येक फटका नेहमीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान करतो. डोके, धड आणि पाय यांच्या निवडीवर तुमची ही पट्टी किती मोठी असेल ते ठरते. लढाईची लय यातून तयार होते: आधी तोल घालवायचा, मग त्या मोजक्या क्षणांत आपले सर्वात जड शस्त्र वापरायचे. पाइल बंकर नावाचे खिळा ठोकणारे शस्त्र पूर्ण ताणून, म्हणजे बटण दाबून धरत त्यात शक्ती साठवून, अशा क्षणी शत्रूच्या छातीत बसते, तेव्हा मिळणारे समाधान या गेमचे खास वैशिष्ट्य आहे. या बाबतीत अनेक उत्साही मतांशी मी सहमत आहे.

विरोधी मत असे की या रचनेमुळे सगळी शस्त्रे एकाच कसोटीवर मोजली जातात. जे शस्त्र पट्टी लवकर भरते किंवा तोल गेल्यावर मोठे नुकसान करते तेच उपयोगी, बाकीची शोभेची. जुन्या भागांत शत्रूची शक्ती थोडीथोडी झिजवत, लांबून शांतपणे लढण्याची एक शैली होती. तिला इथे जागा उरली नाही, असे जुने खेळाडू म्हणतात. मला या टीकेत बरेच तथ्य दिसते. सुरुवातीच्या काळात तर ते अधिकच होते. गेम प्रसिद्ध झाला तेव्हा साध्या रायफली आणि मशिनगन खरोखरच दुबळ्या होत्या, तर झिमरमन ही शॉटगन दोन्ही हातांत घेऊन आणि दोन्ही खांद्यांवर जड ग्रेनेड तोफा किंवा स्टन नीडल लाँचर लावून खेळणाऱ्याला जवळपास प्रत्येक अडचण पार करता येत होती. सप्टेंबर २०२३ मधील १.०२ या अद्ययावत आवृत्तीत रायफली, मशिनगन यांसारख्या शस्त्रांना बळ देण्यात आले आणि काही बॉसही सौम्य करण्यात आले. पुढच्या आवृत्त्यांतही शस्त्रांचे संतुलन बदलत गेले. त्यामुळे मत कोणत्या महिन्यात लिहिले गेले ही बाब इथे किरकोळ नाही. ऑगस्ट २०२३ च्या शेवटच्या आठवड्यातले संतप्त मत आणि वर्षभरानंतरचे समाधानी मत यांच्यामध्ये गेम स्वतःच बदललेला आहे.

तरीही स्टॅगरवरची टीका केवळ आकडे बदलून संपणारी नाही, हे मान्य करायला हवे. पट्टी भरणे हाच लढाईचा कणा असल्यामुळे हळूहळू झिजवणारे यंत्र मोहिमांमध्ये चालते, पण त्यात ते समाधान मिळत नाही. ज्यांना लांबून नेमबाजी करायची आहे त्यांना मी लेझर रायफल किंवा लिनियर रायफल सुचवतो. त्यांचा ताणून केलेला एक फटका आघाताच्या पट्टीवरही चांगला परिणाम करतो आणि अंतरही राखता येते. पण गेमचा ओढा जवळ जाण्याकडे आहे, आणि तो रचनाकारांनी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. तो आवडणे किंवा न आवडणे हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा भाग आहे.

कठीणपणाविषयी बोलायचे तर चर्चा नेहमी तीन ठिकाणी अडते. पहिल्याच मोहिमेच्या शेवटी येणारे हेलिकॉप्टर, पहिल्या प्रकरणाच्या शेवटचा बाल्टियस हा बॉस आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटचा सी स्पायडर हा बॉस. हेलिकॉप्टरशी लढताना तुमच्याकडे सुरुवातीचे ठरलेले यंत्र असते, जुळणी बदलण्याची सोय अजून उघडलेली नसते. त्यामुळे इथे कौशल्यच लागते आणि गेम शिकवू पाहतो ती गोष्ट एकच आहे: दूर पळू नका, वर उडून अंगावर जा आणि हातातल्या पल्स ब्लेडने, म्हणजे ऊर्जेच्या तलवारीने, वार करा. या ठिकाणी अनेकांनी गेम सोडला. इतक्या लवकर इतका कडक पहारा बसवणे मला योग्य वाटत नाही, कारण ज्या गेमचा प्राण जुळणी आहे त्याने जुळणी दाखवण्याआधीच खेळाडूची परीक्षा घेतली.

बाल्टियसची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण खेळाडूंच्या मतभेदांचा सगळा उलगडा तिथे होतो. त्याच्याभोवती पल्स ऊर्जेची ढाल असते. ती असेपर्यंत त्याचा तोल घालवता येत नाही. वर्तुळाकार पसरून एकदम झेपावणारी क्षेपणास्त्रे तो सोडतो आणि लढाईच्या उत्तरार्धात आगीचे मोठे पट्टे फिरवतो. जो खेळाडू सुरुवातीच्याच रायफलने त्याची ढाल खरवडत बसतो, त्याला ढाल फुटायच्या आत ती पुन्हा उभी राहिलेली दिसते. त्याचे मत "हा बॉस अन्यायकारक आहे" असे होते. दुसरा खेळाडू एका हातात पल्स गन घेतो. हे शस्त्र पल्स ढालींवर विशेष परिणामकारक आहे आणि त्या वेळी दुकानात मिळते. ढाल पटकन फुटते, मग दुसऱ्या हातातील आणि खांद्यावरील जड माऱ्याने तोल जातो, आणि क्षेपणास्त्रे सुटताच तो मागे न सरकता असॉल्ट बूस्टने, म्हणजे शत्रूकडे सलग वेगाने झेपावण्याच्या क्षमतेने, त्यांच्या खालून पुढे निघून जातो. त्याला हा बॉस अवघड पण रोमहर्षक वाटतो. तिसरा रणगाड्यावर बसून दोन्ही हातांत जड शस्त्रे घेतो, निम्मी क्षेपणास्त्रे अंगावर झेलतो, तीन दुरुस्ती संच वापरतो आणि समोरासमोर मारामारी करून जिंकतो. त्याला वाटते की लोक उगीच गाजावाजा करतात. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इथे गेमची एक सोय लक्षात घ्यायला हवी, जिचा उल्लेख नकारात्मक मतांत फारसा येत नाही. मोहिमेत हरल्यावर मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करताना जुळणी बदलता येते. तसेच दुकानात विकलेला भाग जितक्याला घेतला तितक्यालाच परत जातो, म्हणजे प्रयोग करण्यात आर्थिक नुकसान होत नाही. या दोन सोयींमधून रचनाकारांचा हेतू स्पष्ट दिसतो: हरल्यावर बोटे सुधारण्याआधी यंत्र बदलून पाहा. 'सोल्स' प्रकारच्या गेममधून आलेल्या खेळाडूंची सवय उलट असते. तिथे आपले पात्र हळूहळू घडवायचे, त्याच्याशी निष्ठा ठेवायची आणि शत्रूच्या हालचाली पाठ करून जिंकायचे असते. तीच निष्ठा इथे आडवी येते. अर्थात या सोयीलाही एक उणीव आहे. मोहिमेच्या मध्ये जुळणी बदलताना फक्त आपल्याकडे आधीपासून असलेले भागच वापरता येतात, नवे विकत घेता येत नाहीत. म्हणजे पल्स गन आधी घेतलेली नसेल तर मोहीम सोडून परत यावे लागते. दुकान तिथेही उघडे ठेवले असते तर अनेक संतप्त मते लिहिलीच गेली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नियंत्रणाचा प्रश्नही जुळणीशी निगडित आहे. कंट्रोलरच्या चार खांदाबटणांवर चार शस्त्रे येतात. उडी, उसळी आणि इतर हालचाली उजव्या अंगठ्याखालच्या बटणांवर राहतात. तोच अंगठा कॅमेराही फिरवतो, त्यामुळे एका वेळी दोन कामे करणे अवघड जाते. यावर उपाय म्हणून गेम लक्ष्यावर आपोआप नजर रोखून ठेवण्याची सोय देतो. काही जुने खेळाडू या सोयीमुळे कौशल्य संपले असे म्हणतात. माझे मत वेगळे आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळात वर-खाली पाहण्यासाठीही खांदाबटणे दाबावी लागत होती आणि शत्रूला नजरेच्या चौकटीत ठेवणे हेच निम्मे युद्ध होते. त्यात एक वेगळी शिस्त होती हे खरे, पण आजच्या वेगात ती शिस्त फक्त थोड्यांनाच जमली असती. शिवाय एकाहून अधिक शत्रू असताना नजर एकावरच रोखून ठेवणे धोक्याचे ठरते, त्यामुळे ती सोय कधी वापरायची आणि कधी सोडायची हे शिकावेच लागते. माउस आणि कळफलकावर खेळणाऱ्यांना ही अडचण पुष्कळ कमी भासते. म्हणून पीसीवरील आणि कन्सोलवरील मते शेजारीशेजारी ठेवताना हा फरक ध्यानात घ्यावा.

ऑनलाइन सामन्यांविषयी मात्र मी टीकाकारांच्या बाजूला बराच झुकतो. एकास एक आणि तीनास तीन असे सामने खेळता येतात. क्रमवारीचे सामने सुरुवातीला नव्हते, ते डिसेंबर २०२३ मध्ये जोडले गेले. मोहिमांमध्ये जे स्वातंत्र्य मिळते ते इथे झपाट्याने आक्रसते. माणूस समोर असला की प्रत्येक जण जिंकणारी जुळणी शोधतो. काही काळ दोन शॉटगन, काही काळ जड ग्रेनेड तोफा, तर काही काळ हलके यंत्र घेऊन आघाडी मिळताच दूर पळत राहणारे खेळाडू, अशा लाटा येत गेल्या. पळणाऱ्यांवरची नाराजी अजून संपलेली नाही. दूरच्या खेळाडूशी जोडणी झाली की फटका लागला की नाही याचाच भरवसा राहत नाही, आणि जवळून लढणाऱ्या शस्त्रांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. मित्रांबरोबर मोहिमा खेळता येत नाहीत, ही तक्रारही योग्य आहे. तशी सोयच गेममध्ये नाही. तुम्हाला प्रामुख्याने माणसांशी लढायचे असेल, तर स्तुतिपर मते वाचून गेम घेऊ नका. ती बहुतेक एकट्याने खेळायच्या भागाविषयी लिहिलेली असतात.

मोहिमा लहान आहेत हा आक्षेपही वारंवार येतो. खरोखर अनेक मोहिमा काही मिनिटांत संपतात. पण या लहानपणाचा फायदा असा की तीच मोहीम वेगळ्या यंत्राने पुन्हा खेळायला मन तयार होते, वरची श्रेणी मिळवण्याचा नाद लागतो आणि मिळालेल्या पैशांतून नवे भाग घेता येतात. दारूगोळा आणि दुरुस्तीचा खर्च मोबदल्यातून कापला जातो, हे जुन्या भागांतले तत्त्व कायम आहे, परंतु आता त्याची धार बोथट झाली आहे. पहिल्या गेममध्ये कर्जाच्या खाईत गेलेल्या खेळाडूच्या शरीरावर प्रयोग होत आणि तो अधिक शक्तिशाली होऊन परत येई. तसे टोकाचे परिणाम सहाव्या भागात नाहीत. रडारसारखे स्वतंत्र निवडायचे भागही आता नाहीत. जुने खेळाडू याला सोपेपणाची किंमत म्हणतात. मला त्या गोष्टींची उणीव जाणवते, तरी नव्या खेळाडूला जुळणीत धीटपणे हात घालता यावा म्हणून ही काटछाट आवश्यक होती असे मी मानतो.

कथेविषयी मतभेद तुलनेने कमी आहेत आणि ते योग्यच आहे. रुबिकॉन ३ नावाचा ग्रह, तिथे सापडणारा कोरल हा ऊर्जास्रोत, अर्ध्या शतकापूर्वी त्याने पेटवलेला वणवा आणि आता त्यासाठी भांडणाऱ्या बलाढ्य कंपन्या, अशी पार्श्वभूमी आहे. मानवी चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. माणसे रेडिओवरच्या आवाजातून आणि आपल्या यंत्रांच्या घडणीतून ओळखीची होतात. तुमचा मालक वॉल्टर, मैत्री आणि शत्रुत्व यांच्यामध्ये उभा असलेला रस्टी, यांच्याविषयी लोक इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की पहिल्यांदा वाचणाऱ्याला नवल वाटावे. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी: गेमला तीन शेवट आहेत आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचायला गेम तीन वेळा खेळावा लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत काही मोहिमा नव्याने येतात, काहींत तुमची बाजू बदलते आणि रिंगणातले, म्हणजे मोहिमांबाहेरच्या एकास एक सराव-लढतींतले, नवे प्रतिस्पर्धी उघडतात. एकदाच खेळून "कथा अपुरी वाटली" असे लिहिणाऱ्याने खरोखरच अपुरीच कथा पाहिलेली असते.

आता तुमच्या निर्णयाविषयी. कोणतेही मत वाचताना चार गोष्टी शोधा: लिहिणाऱ्याचे पाय कोणत्या प्रकारचे होते, हातांत काय होते, तो कितव्या प्रकरणापर्यंत पोहोचला होता आणि मत कोणत्या आवृत्तीच्या काळातले आहे. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ते मत त्याच्या भावनेची नोंद म्हणून वाचा, गेमची माहिती म्हणून नव्हे. ज्यांनी आपली जुळणी जोडून तक्रार केली आहे त्यांची तक्रार मात्र नीट वाचा, मग ती कितीही कडवट असो. गेमच्या खऱ्या उणिवा मला अशाच खेळाडूंकडून कळल्या आहेत.

गेम घेतलात तर प्रशिक्षणाचे छोटे धडे टाळू नका, कारण ते पूर्ण केल्यावर काही भाग मोबदल्यात मिळतात आणि वेगवेगळ्या पायांची ओळख तिथेच होते. रिंगणातील लढतींमधून मिळणाऱ्या चिपा यंत्राच्या मूळ प्रणालीत सुधारणा करण्यासाठी वापरता येतात. त्यांतून आधी असॉल्ट आर्मर (भोवती स्फोट घडवणारी) किंवा पल्स आर्मर (थोडा वेळ ढाल उभी करणारी) यांपैकी आणीबाणीची एक क्षमता घ्या आणि नंतर खांद्यावर हातातले शस्त्र वाहून नेण्याची सोय घ्या. या दुसऱ्या सोयीमुळे दोन वेगळ्या स्वभावांची शस्त्रे एकाच यंत्रात बसतात. पहिल्या प्रकरणातच निदान तीन प्रकारच्या पायांवर एकेक मोहीम खेळून पाहा आणि बाल्टियसकडे जाण्यापूर्वी पल्स गन विकत घेऊन ठेवा. बाल्टियसशी दोन वेगळ्या जुळण्यांनी लढल्यानंतरही तुम्हाला यंत्रशाळेत परत जाऊन काहीतरी बदलून पाहावेसे वाटले नाही, तर हा गेम तुमच्यासाठी नाही, आणि तुमचे ते मत इतर कोणत्याही मताइतकेच ग्राह्य असेल.